गडू आणि पुंगळ्या

हार्डवेअरच्या दुकानात तो एखादी वस्तू उचलायचा, उलटीसुलटी करून पाहायचा, खालचा स्क्रू नखाने खरवडायचा आणि ती जागेवर ठेवून म्हणायचा, "विकत तर कोणीही आणेल." मग आम्ही दोघे रिकाम्या हातांनी बाहेर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. माझ्या वाट्याला तो शेजारी म्हणून आला, इथे परदेशात, रोटोटुना नावाच्या उपनगरात, एका कुंपणापलीकडे.

मूळचा पुण्याचा, नोकरी कॉम्प्युटरची, जन्मापासून शाकाहारी. ऑफिसातल्या मित्राने त्याला एकदा रायफल क्लबला नेलं आणि हा कागदी निशाणांवर नेम धरण्यात रमला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याला शिकारीबुवा म्हणायच्या. "शिकार झाली की येताना मेथीची जुडी आण."

क्लबातले लोक झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करतात आणि साफ करून पुन्हा भरतात. साफ करायला फिरत्या पिंपाचं यंत्र दुकानात मिळतं. दुकानात मिळतं म्हटल्यावर तो ते घेणार नाही, हे मला ठाऊकच होतं.

रस्त्याकडेला कोणीतरी 'फ्री' अशी पाटी लावून कपडे वाळवायचा जुना ड्रायर ठेवला होता. माझ्या ट्रेलरवरून तो आणला. मोटर त्यातली. पिंप म्हणून सांडपाण्याच्या जाड पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना रबरी टोप्या, खाली स्केटबोर्डची चाकं. आत पुंगळ्या, पाणी, भांड्यांचा साबण आणि स्टीलच्या बारीक काड्या. पिंप फिरलं की या काड्या पुंगळीच्या आतबाहेर घासतात. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पिंप चाकांवरून उतरलं आणि गॅरेजभर फिरून आलं. दुसऱ्यांदा जागेवर राहिलं, पण इतकं गरगरलं की पुंगळ्या त्याच्या भिंतीला चिकटूनच बसल्या.

मी हिशेबाचा माणूस. मोटरच्या पट्ट्याच्या कप्प्यांचे व्यास मोजले, कागदावर भागाकार केला. "वेग पाचव्या हिश्शावर आण. मोठी कप्पी लाव."

"थांब रे." त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या पट्टीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "आकडे तुझे बरोबर असतील. पण ते कण्हतंय कुठे, ते मला ऐकू दे."

शेवटी कप्पी माझ्या आकड्याचीच लागली. आपण ती कानाने निवडली, असं तो आजही सांगतो.

साबणाबरोबर थोडं आंबट घालावं लागतं. बाकीचे लोक लिंबाची पावडर घालतात, याने चिंचेचा कोळ गाळून घातला. क्लबातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने पुंगळी उजेडात धरली, हुंगली आणि म्हणाला, "स्वीट ॲज, मेट. झकास झालीय. पण हिला जेवणाचा वास का येतोय?"

मी एकच नियम घालून दिला होता. पुंगळ्यांत बंदुकीच्या दारूची काजळी असते, तेव्हा देवाची भांडी या पिंपात घालायची नाहीत. त्याने मान डोलावली होती.

आता गडूचं सांगायला हवं. वहिनींच्या आई गेल्या तेव्हा विमान मिळून त्या पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परतताना त्यांनी माहेरची एकच वस्तू आणली, ओंजळीत मावेल एवढा पितळी गडू. जुन्या भांड्यांवर घालतात तसं त्याच्या पोटावर ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं होतं: सुमती. तो देव्हाऱ्याजवळ असे. वहिनी रोज आधी त्या नावावरून बोट फिरवत आणि मग पाणी भरत.

गणपतीच्या आदल्या दिवशी वहिनी कामावर गेल्या आणि याने गडू पिंपात घातला. परत येतील तेव्हा तो लखलखीत दिसावा, एवढीच इच्छा. पुंगळ्यांचं काम दोन तासांत होतं. गडू जुना, काळवंडलेला, म्हणून दिवसभर ठेवला, तोही पुंगळ्यांसकट. घरघर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मला वाटलं, नेहमीचंच काम चाललंय.

संध्याकाळी त्याने मला हाक मारली. गडू हातात होता. पितळ फार वेळ आंबटात राहिलं की तांबूस पडतं, तसा तो गुलाबीसर झाला होता. दिवसभर पुंगळ्यांच्या कडा आपटून अंगावर देवीचे व्रण उठावेत तसे टोचे पडले होते. नावाचे ठिपके त्या टोच्यांत मिसळून गेले होते.

एवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी गडू घेतला आणि सवयीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आईचं नाव कुठंय?"

तो म्हणाला, "पुण्याहून नवा मागवू. नाव घालून."

"विकत तर कोणीही आणेल," वहिनी म्हणाल्या आणि गडू कपाटात ठेवून दिला. त्या गणपतीत देव्हाऱ्याजवळ स्टीलचा पेला होता.

त्यानंतर कुंपणापलीकडून घरघर येईनाशी झाली. टकटक यायला लागली. पुंगळीत लाकडी दांडी घालून, घासून टोकदार केलेल्या खिळ्याने तो ठिपक्यांची अक्षरं काढत होता. प्रत्येक पुंगळीवर तेच नाव. मला आणून दाखवायचा.

"वाच."

"सुमही."

तो परत जायचा, की पुन्हा टकटक.

एकदा वहिनींनी मला विचारलं, "भावजी, टकटक कसली चाललीय?"

"त्यालाच विचारा."

"मी नाही विचारणार."

एका रविवारी त्या गॅरेजमध्ये आल्या आणि गडू टेबलावर ठेवला. पोटावर पेन्सिलीने नाव लिहून आणलं होतं. "उकार नीट काढ. आईला शाळेत अक्षराचं बक्षीस होतं."

पोचा पडू नये म्हणून त्याने गडूत रॅग्लनच्या किनाऱ्यावरची काळी वाळू ओली करून ठासली. मी गडू दोन्ही हातांनी धरला. तो खिळ्याने एकेक ठिपका ठोकत गेला. 'सु'चा उकार पेन्सिलीबाहेर गेलाच.

वहिनींनी वाळू धुऊन काढली आणि बोट फिरवलं. "कोंबडीचे पाय," त्या म्हणाल्या. "आईने नावं ठेवली असती, आणि वापरला असता." आणि नळाखाली गडू भरून आत घेऊन गेल्या.

गेल्या वर्षी त्याला पर्थमध्ये नोकरी मिळाली. त्याची रायफल क्लबातल्या मित्राने विकत घेतली. गडू वहिनी विमानात मांडीवर घेऊन बसणार होत्या. यंत्र माझ्याकडे राहिलं.

"याचे किती द्यायचे?" मी विचारलं. उधारी मला झोपू देत नाही.

"तू कुठे बंदूक धरतोस?"

"तरी."

त्याने वहिनींकडे पाहिलं. "पैसे नकोत," वहिनी म्हणाल्या. "दर गणपतीला देवाची भांडी हाताने घासायची, भावजी. तुम्ही. बायकोला लावायचं नाही. आणि मला फोटो पाठवायचा."

यंदा आदल्या दिवशी चिंच भिजवली. समई, निरांजन, ताम्हण घासलं, त्या बंद यंत्राच्या फळीवर मांडलं आणि फोटो दोघांनाही पाठवला. लगेच त्याचं उत्तर आलं: "ताम्हणाच्या काठाखाली राहिलंय. मोठं करून पाहिलं."

काठ परत घासला. दुसरा फोटो वहिनींना पाठवला.

"पोचलं," त्यांनी लिहिलं. सोबत त्यांच्या देव्हाऱ्याचा फोटो होता. गडू भरलेला होता. उकार अजून जरा बाहेरच आहे.