गिरणीचं कोरं अपघात-रजिस्टर

आयर्लंडमधल्या किलकेनी शहराच्या बाहेर आम्ही घर घेतलं, ते गाव एका लोकरीच्या गिरणीभोवती वसलेलं. मालकाचे पूर्वज इंग्लंडमधल्या गिरणीगावातून आले आणि तिथल्यासारख्याच विटांच्या घरांच्या रांगा इथे उठवून गेले. सात किलोमीटरवर बाजाराचं गाव. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी तिथले लोक आमच्या गावाला अजून खालचं समजतात. नाक वर करायला कारण लागत नाही, हे मी पुण्यातूनच शिकून आलो होतो.

२०२० मध्ये कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी आली. तेव्हा बाजारगावच्या एका निवृत्त मास्तरांनी दोन्ही गावांच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरवलं. आमच्या गावातून त्यांना कोणीतरी हवं होतं. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांची रजिस्टरं तपासतो. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पाच वर्षांत कामाखेरीज इथे मला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून मीही चढलो.

शेजारी नव्वदीला टेकलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. भिंतीपलीकडे खुर्ची टाकून त्यांनी मला आपल्या थोरल्या बहिणीची हकिकत सांगितली. ती बाराव्या वर्षी गिरणीत लागली. वय कमी, म्हणून हजेरीत नाव नाही. एक दिवस लोकर पिंजायच्या यंत्रात तिचा हात सापडला. गिरणीच्या गाडीने तिला दवाखान्यात न नेता घराच्या दारात आणून सोडलं, आणि आठवड्यात ती गेली. तिचं नाव पुस्तिकेत यावं, एवढंच बाईंना हवं होतं.

मास्तरांकडे गिरणीच्या रजिस्टरांचे फोटो होते. हजेरीत मुलगी नव्हती, अपघातांचं रजिस्टर कोरं होतं. म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते, असं ते म्हणाले. कारखान्यात कोरं रजिस्टर दिसलं की मी आधी सुपरवायझरला गाठतो. काहीच बिघडलं नाही असा विभाग नसतो. तिथे लिहिणाऱ्याला दम दिलेला असतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून बसलो. त्याहून वाईट म्हणजे ‘नोंदींनुसार गिरणीत एकही गंभीर अपघात झाला नाही’ हे वाक्य माझं आहे. ‘नोंदींनुसार’ लिहिलं की आपण सुटलो, असं आमच्या धंद्यात मानतात. या हुशारीची मला आजही किळस येते.

२०२१ च्या उन्हाळ्यात पुस्तिका छापून आली. बाजारगावाला बारा पानं, आम्हाला दोन. बाईंची प्रत मी भिंतीवरून दिली. त्या भिंग धरून वाचत होत्या. त्या वाक्यापाशी बोट थांबलं. नोंदींनुसार म्हणजे काय, ते मी समजावू लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

“गावात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचे बाप त्याच गिरणीत होते. तुला सांगितलं, कारण तुला इथे कुणाची भीती नव्हती.”

भीती मला खरंच नव्हती. मास्तरांनी पुढच्या पुस्तिकेलाही बोलवावं, एवढंच मला हवं होतं.