इथं कसा आलास?

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप चारच जणांचा आहे. एरवी तिथं वाढदिवसाचे केक नाहीतर गुडघेदुखीचे उपाय येतात. पण कुणी चुकून ‘असर्ट’ हा शब्द टाकला, की तासभर फोन खाली ठेवता येत नाही. प्रत्येक किश्श्याला मागचा एक चिकटलेला असतो!

माधवनगरला यंत्रमागाच्या एका जुन्या शेडमध्ये आम्ही शेतीपंपाच्या कंट्रोल पेट्या बनवायचो. माग कधीच गेले होते, पण पंखा जोरात लावला की छताच्या कैच्यांमधून अजून कापूस खाली यायचा. थेट सर्किट बोर्डावर! मालक अप्पासाहेब. पेटीच्या आतला सी मधला प्रोग्राम लिहायच्या कराडजवळच्या मलकापूरच्या सुनंदा मॅडम, आणि त्यांच्या हाताखाली मी, नुकताच डिप्लोमा झालेला. टेस्टिंगला औंधचे जाधव सुभेदार, फौजेत सिग्नलला नोकरी करून आलेले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला असर्ट शिकवला. “आपल्याला जी गोष्ट खरीच असणार असं वाटतं ना, ती लिहून ठेवायची. प्रोग्राम तिथं आला की तपासतो. खोटी निघाली की जागच्या जागी थांबतो.”

शेजारी सोल्डरिंग करणारे सुभेदार मान वर न करता म्हणाले, “म्हंजे गेटवरचा संतरी. वळख पटली न्हाई, की थम!”

कॉलेजात तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका वाक्यात शिरलं.

* * *

टाकीतल्या पाण्याची पातळी शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून मी मोठ्या विश्वासानं तसा असर्ट टाकला. सुभेदारांनी पेटी टेस्टला घेतली आणि पाचव्या मिनिटाला हाक मारली, “थांबली रं तुझी पेटी!”

जाऊन बघतो तर त्यांनी सेन्सर उलटा लावलेला. पातळी वजा चाळीस!

मी चिडलो. “आवं सुभेदार, सेन्सर उलटा कोण लावंल?”

“ज्याला जेवायला जायची घाई हाय, त्यो!”

* * *

आमच्या पेटीवर एक फिरवायचं बटण होतं. बंद, चालू, ऑटो. तीनच जागा. प्रोग्राममध्ये तिन्हींसाठी तीन वाटा, आणि यांतली एकही नसली तर चौथी. चौथ्या वाटेवर कुणी येणं शक्यच नव्हतं. मग तिथं काय लिहायचं? टेस्टिंगपुरतं गंमत म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, ‘इथं कसा आलास?’ डिस्प्लेच्या सोळा घरांत ते बरोब्बर बसलं, याचा मला कोण आनंद!

ते काढायचं मात्र राहून गेलं.

दोन महिन्यांनी जतकडून एका म्हाताऱ्या बाबांचा फोन आला. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता विहीर काढून डाळिंब लावलेलं. त्यांनी बटण चालू आणि ऑटोच्या बरोबर मधे नेऊन ठेवलं होतं.

“सायेब, पेटी मला आरं-तुरं करतीया!”

मॅडमनी मला समक्ष माफी मागायला पाठवलं. बाबांनी खाटेवर बसवलं, ताक दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग पेटीकडं बोट करून म्हणाले, “नातवानं वाचून दाखवलं तवा तिला मी सांगितलं, बाई, मी आलो न्हाई. हीर माझी हाय. तू कशी आलीस ते सांग!”

* * *

एकदा जुन्या प्रोग्राममध्ये मला साठ ओळी सापडल्या, ज्या कधी चालूच शकत नव्हत्या. त्यांच्या अगदी वर ‘रिटर्न’ होतं. म्हणजे प्रोग्राम तिथूनच माघारी फिरणार, खाली उतरणारच नाही. कुणी लिहिल्या, कशाला लिहिल्या, कुणाला पत्ता नाही. मी सफाई म्हणून उडवल्या.

पेटी बंद! परत घातल्या, तर चालू!

मी घाबरून मॅडमकडं गेलो. त्या तीन दिवस त्याच्यामागं होत्या. शेवटी सापडलं. चूक भलतीकडंच होती. प्रोग्राममधली एक ओळ आपली हद्द सोडून शेजारच्या मेमरीत लिहीत होती. आमचा जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं पेटीला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा, असल्या ओळी काढून टाकत नसे, त्यामुळं ते लिखाण इतके दिवस त्या निकामी साठ ओळींवर पडत होतं. कुणाला त्रास नव्हता. ओळी गेल्या आणि मार कामाच्या कोडवर बसला.

सुभेदारांना हे सांगितलं, तर म्हणाले, “आमच्या घरी म्हाताऱ्याचं आसंच हुतं. काम काय करत न्हवता. पण सोप्यात बसलेला आसायचा, तवर भांडणं त्याच्याच आंगावर जायाची.”

मग परत सोल्डरिंगला लागले.

* * *

गिऱ्हाइकाला द्यायची पेटी उगाच मधेच थांबू नये म्हणून तिच्यातले टेस्टिंगचे असर्ट आम्ही बंद करून टाकायचो. एक सेटिंग बदललं की सगळे गायब. औंधजवळ एका मळ्यात ठिबकच्या पेटीचा डेमो होता. गावातले पंधरावीस जण जमलेले, सुभेदारांचं गाव म्हणून त्यांची कॉलर ताठ. मी बटण दाबलं. डिस्प्लेवर आलं, ‘व्हॉल्व्ह उघडला.’ पाणी मात्र येईना!

शेडमध्ये शंभरदा चाललेलं. मॅडमनी तिथंच बांधावर लॅपटॉप उघडला. व्हॉल्व्ह उघडायची आज्ञाच मी असर्टच्या कंसात लिहिली होती. उघडला का तेही तपासलं जाईल, एका दगडात दोन पक्षी! असर्ट गायब झाले, त्यांच्यासोबत आज्ञाही गेली.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. “संतऱ्याला रजेवर धाडला, आन् जाताना त्यो गेटाची किल्लीच घिऊन गेला!”

* * *

सगळे असर्ट बंद करायचे म्हटल्यावर मॅडम एकासाठी मात्र अडून बसायच्या. बटण ‘बंद’वर आहे आणि तरी मोटारीत करंट वाहतोय, असं दिसलं तर थेट मोठा ब्रेकर पाडून वीजच तोडायची आणि पेटी अडकवून ठेवायची. माणूस येऊन बघेपर्यंत सोडायची नाही.

अप्पासाहेब वैतागायचे. “मॅडम, बंद केल्यावर करंट येईल कुठनं? असं कधी होणारच नाही.”

“मग राहू दे की. होणारच नाही, तर तुम्हाला त्रास काय?”

राहिला तो असर्ट.

वर्षभरानं मलकापूरकडचा एक उसाचा बागायतदार पेटी घेऊन तणतणत शेडमध्ये आला. “चार दिसांत बंद पडली! आजूबाजूच्या सगळ्यांच्या चालत्यात. माझीच पेटी लय भित्री हाय बगा, उगं ब्रेकर पाडून बसलीया!”

सुभेदारांनी पेटी उघडली. आत मोटारीला वीज जोडणाऱ्या पट्ट्या जळून एकमेकींना चिकटल्या होत्या. स्क्रू-ड्रायव्हरनं सुद्धा सुटेनात.

“बंद पडली तवा काय करत हुता तुमी?” त्यांनी विचारलं.

“काय करनार? पानबुडी मोटारीची केबल सोललेली. रस्त्याकडंच्या खोपीत बटन बंद केलं, आन् हिरीत उतरून जोड मारत हुतो.”

“हातानं?”

“मग कशानं?”

सुभेदारांनी त्या पट्ट्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. “बगा, दादा. बटन तुमी बंद केलं, पर ह्या सुटल्याच न्हाईत. पेटीनं ब्रेकर पाडला नसता, तर वीज चालूच ऱ्हायली आसती.”

तो माणूस पट्ट्यांकडं बघत राहिला. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, आणि तिथल्याच एका खोक्यावर खाली बसला. मी पाण्याचा तांब्या दिला. तो त्यानं नुसता धरून ठेवला.

मॅडम स्क्रीनकडं तोंड करून बसल्या होत्या.

केबिनच्या दारात अप्पासाहेब उभे होते, कधीपासून कुणास ठाऊक. पुढं आले. पेटी दोन्ही हातांनी उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले,

“मॅडम, आपल्या सगळ्या पेट्या अशाच भित्र्या करा.”