अंगात कळा आहे? मग घरी बसू नका!

मराठी शुद्धलेखनावर माझं फार प्रेम आहे आणि त्या प्रेमापायी एका रविवारी वसईतली झाडून सगळी दुखरी माणसं लंगडत आमच्या सोसायटीत आली.

झालं असं. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. माझ्या बायकोला, शुभदाला, तिथे चित्रकलेचा आणि मातीकामाचा वर्ग काढायचा होता. आणि आमचे सेक्रेटरी सामंत यांना तिथे जिम हवी होती. (सामंतांचा उजवा खांदा गेले कित्येक महिने आखडलेला! शर्टाची बाहीसुद्धा मिसेस सामंत चढवतात. पण जिम हवी!)

"वहिनी, कलेचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? सांगा ना!" सामंत मीटिंगमध्ये म्हणाले.

"सांगते. रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवते. लोक आले, त्यांना आवडलं, तर खोली माझी. माणसं फिरकली नाहीत तर घाला तुमची जिम," शुभदा म्हणाली.

ठरलं. कार्यक्रमानंतर तिथेच कमिटीने हात वर करून मतदान करायचं. शुभदा आठवडाभर धड जेवली नाही. लग्नाआधी ती शाळेत चित्रकला शिकवायची, मग मुलं, माझ्या आईचं आजारपण, सगळं करता करता ते राहूनच गेलं होतं. तिच्यासाठी ही खोली म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी छातीठोकपणे म्हणालो, "बोर्डाचं माझ्यावर सोड!"

इथेच घात झाला.

बोर्ड करणारा नंदू मूळचा जवळच्याच समुद्रकाठच्या कळंबचा. माणूस सोन्यासारखा. व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवला की त्याच्या मशीनवर अक्षरांचे चौकोन होतात, म्हणून मी ऑफिसमधून फोनवर मजकूर सांगत होतो आणि तो टाइप करून वाचून दाखवत होता.

"वर्ग दर मंगलवारी..."

"मंगळवारी! ळ, नंदू, ळ!"

"आमी मंगलवारच बोलतो, सायेब."

"बोल रे, पण लिहिताना ळ."

"बरं. शाला सुटल्यावर..."

"शाळा!"

"काला-पांढरा रंग..."

"काळा!! नंदू, अरे मराठी भाषा आहे ही!"

तेवढ्यात आमचे साहेब समोर येऊन उभे राहिले. नंदू बिचारा घाबरत विचारत होता, "सायेब, मंग ह्यो कला..."

"ळ! सगळीकडे ळ! आता परत विचारू नकोस!" असं म्हणून मी फोन ठेवला आणि आपण मायमराठीची सेवा केली या समाधानात साहेबांकडे बघून हसलो.

रविवारी सकाळी दूध घेऊन परत येतो, तर गेटवर बाहेरच्या बाजूला हा एवढा मोठा फ्लेक्स:

'रोजच्या जगण्यात कळा! अंगात कळा आहे? मग घरी बसू नका! वर्षानुवर्षं दडपलेली कळा बाहेर काढा! मार्गदर्शन: शुभदाताई. रविवारी सकाळी. प्रवेश विनामूल्य. महिळांचे विशेष स्वागत.' (मंगळवार, शाळा आणि रंग खाली मुंगीएवढ्या अक्षरांत!)

असाच एक मार्केटच्या कोपऱ्यावर आणि एक सांडोरच्या रस्त्यावर कालपासूनच लागलाय, असं वॉचमन म्हणाला! माझ्या हातातली पिशवी गळून पडली. (दूध अर्धा लिटर, सगळं सामंतांच्या स्कूटरवर.)

फ्लेक्स काढायला स्टूल आणेपर्यंत पहिली रिक्षा आली. त्यातून सांडोरच्या रोझीमावशी उतरल्या. आमच्याकडे केळी आणि भाजी त्यांच्याच वाडीतली येते.

"चर्चमधली मिस्सा आटपून तशीच आले हो," हातातला एक्स-रे माझ्याकडे देत मावशी म्हणाल्या. "डावा गुडघा. पहिला नंबर माझा!"

"मावशी, हे ते नाहीये..."

"उजवाही दुखतो, पण तो नंतर दाखवीन!"

मागोमाग कंबरेला पट्टे, मानेला पट्टे, काठ्या, वॉकर! महिळा तर इतक्या आल्या, की खुर्च्या संपल्या! शेवटी खुद्द नंदू आला, म्हाताऱ्या आईला धरून. "सायेब, बोर्ड करतानाच मी ठरवला. आयची कंबर लय दुकते, म्हनून आनली. डाक्टरीन कुठंय?"

डॉक्टरीण दारात उभी होती. हातात रंगांची पेटी, नजर फ्लेक्सवर. मग माझ्यावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नजरेपुढे एक्स-रेची काय बिशाद!

"चूक झाली म्हणून सांगून टाकू का?" मी पुटपुटलो.

"सांगा ना!" सामंत मागून खूश होऊन म्हणाले. "सगळे जातील. खोली मोकळी!"

शुभदाने पदर खोचला. "मी डॉक्टर नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तुमची औषधं तुमच्या डॉक्टरांचीच चालू ठेवा. पण आलाच आहात तर मला सांगा, तुमचं दुखणं दिसतं कसं? घरात कुणी विचारलंय कधी?"

एक आजी पुढे सरकून म्हणाली, "घरात? घरात 'झालं का सुरू' म्हणतात!"

"मग इथे काढून दाखवा!" शुभदा म्हणाली आणि तिने सगळ्यांना कागद आणि रंग वाटले.

सुरुवातीला लाजत होते. मग नंदूच्या आईने खाली मान घालून जाळं काढलं आणि त्यात हा टपोरा लाल खेकडा! "ह्यो बग, बाय. कंबरेन बसलाय. मी उठली का नांगी मारतो मेला!" सगळी खोली हसून लोळली. रोझीमावशींनी गुडघ्याला डोळे काढले, मिशा काढल्या आणि "हा माझा नवरा, हाही हलत नाही!" म्हणून जाहीर केलं. मग काय विचारता! कुणाच्या मानेवर कावळा, कुणाच्या टाचेत काटेरी फणस! माणसं एकमेकांची दुखणी बघून टाळ्या वाजवत होती! रंग संपत आले, पण उठायला कुणी तयार नाही. ज्यांना बसवत नव्हतं, ती माणसं मांडी ठोकून बसली होती!

सामंत तेवढे कोपऱ्यात घुम्यासारखे उभे. शुभदाने भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि त्यांच्या हातात ब्रश दिला. "काका, तुमचा खांदा."

त्यांनी पोटाच्या उंचीवर, हात जेमतेम जात होता तिथे, एक करडा ठिपका काढला.

"एवढंसंच?" रोझीमावशी म्हणाल्या. "आणि एवढ्याशासाठी बायकोकडून शर्ट घालून घेता?"

सामंत पेटले! "एवढंसं नाही!" म्हणत त्यांनी ठिपक्याभोवती गोल काढला. मग त्याच्याबाहेर मोठा गोल. मग पार्किंगचा राग, टँकरचा राग, दुधाने भिजलेल्या स्कूटरचा राग, सगळं त्या गोलात! गोल वाढत छातीपर्यंत, खांद्यापर्यंत आणि...

"अहो, हात!" मिसेस सामंत किंचाळल्या.

सामंतांचा हात डोक्याच्या वर होता! "आई गं!" ते ओरडले, पण हात खाली घेईनात. हसत होते आणि डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात कमिटीतले कुणीतरी म्हणाले, "मतदान घेऊन टाकू. खोली वहिनींना द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

सगळ्यात उंच हात सामंतांचा! तो मोजला गेला. मागून कुणीतरी त्यांना सांगितलं, की अहो, हे मतदान चाललंय. "असू दे!" सामंत म्हणाले. "वर गेलाय, तो राहू दे!"

खोली शुभदाची झाली. नंदूच्या आईने तिच्या गालाला लाल रंगाचा हात लावून तिची दृष्ट काढली, आणि मला, खरं सांगतो, हुंदका आवरेना. असा अभिमान मला माझ्या कुठल्याही प्रमोशनचा वाटला नव्हता.

त्याच भरात दुपारी मी पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढलं. तिचं. चांगला तासभर खपलो आणि तिच्यापुढे धरलं.

"ओळख!"

शुभदाने निरखून बघितलं. तिचा चेहरा उजळला.

"अय्या, सामंतकाका! अहो, कसं जमलं तुम्हाला? आणि मिशी तर अगदी हुबेहूब!"

मी मिशी काढली नव्हती. ते तिचं हसू होतं.