तीन भिंतींचा मनोरा

डॉर्कस होब्ली चर्चमध्ये राहायची. असं सांगितलं की परगावचे लोक म्हणतात, पुण्यवान बाई. पुण्यवान कसली डोंबलाची! पुढून चर्च आणि मागून झोपडी, असं ते घर होतं. मागच्या अंगाला आमच्या कोंबड्या, चिखल आणि माझे धुण्याचे टब. पुढच्या अंगाला टोकदार कमानींच्या खिडक्या, त्यांना काच नाही, नुसता काळा रंग फासलेला. वर मनोरा, आणि त्याला भिंती तीन. चौथी बांधलीच नाही, कारण ती वेनलो हॉलच्या, म्हणजे साहेबांच्या वाड्याच्या, गच्चीवरून दिसत नाही. त्या चर्चची एक बाजू डॉर्कसचं घर, दुसरी बाजू माझं. मी केझाया बड, हॉलची धोबीण. साहेब लोकांच्या चादरी जन्मभर धुतल्या आहेत, त्यामुळे त्यांचा थाट मला कुणी सांगू नये.

आमचे साहेब सर लुशियस तरुणपणी इटलीला गेले आणि दोन गोष्टी घेऊन आले, देवळांची हौस आणि एक रोग. रोगाचे डाग माझ्या वाट्याला आले, देवळं सगळ्या गावाच्या. शेतं बुडवून तळं केलं. तळ्यापाशी वाटेला दोन फाटे. डावी वाट सपाट, ती सुखाची. तिच्यावर व्हीनस देवीचं देऊळ आणि एक तुर्की तंबू. उजवी वाट चढाची, ती सद्गुणाची. चीनचा पूल, मिसरचा सुळका, मैत्रीचं देऊळ, सगळं होतं. मैत्रीच्या देवळात साहेबांच्या दोस्तांची संगमरवरी डोकी मांडलेली. निवडणुकीत एकाशी बिनसलं, तर त्याचं डोकं तळ्यात टाकलं. पुढे ते एका पोराच्या गळाला अडकून वर आलं. सद्गुणाच्या देवळाचं तर विचारूच नका. जेवणानंतर पाहुणे त्याच्या मागे रांगेत उभे राहायचे, तिथलं गवत जळून पिवळं पडलं होतं. ह्या सगळ्याला म्हणे अर्थ होता. असेल. मला वासच यायचा.

सद्गुणाची वाट चढून गेलं की शेवटी चर्च दिसायला हवं, असं साहेबांच्या मनात आलं. खरं चर्च नेदरकोटला, डोंगराआड. मग टेकाडावरच्या आमच्या दोन घरांनाच चर्च केलं.

डॉर्कस मूळची नेदरकोटची, दूधदुभत्याच्या घरातली. उंच, हाडापेराने मोठी, हसली तर नाकातून हसायची. तिचा नवरा अमोस छपरं शाकारणारा. तिच्या बापाचा गोठा शाकारायला आला तेव्हा डॉर्कस स्वतः बिअरचा मग घेऊन येईपर्यंत शिडीवरून उतरेना, असा हट्टी. आमच्या घरांवरचं छप्परही त्याच्याच हातचं होतं, पावसाचा थेंब आत येत नसे. पण चर्चला पेंढ्याचं छप्पर शोभत नाही म्हणून ते ओरबाडून काढलं आणि दगडी फरशा घातल्या. हॉलच्या नजरेच्या टप्प्यातली सगळीच छपरं तशी गेली. अमोसचं काम गेलं, आणि तो तळ्यावर माती तुडवायला लागला. तळ्याचं पाणी जिरू नये म्हणून तळाला चिकणमातीचा थर द्यावा लागतो, आणि तो माणसांनी अनवाणी पायांनी तुडवावा लागतो. अमोस दोन हिवाळे गुडघाभर गार चिखलात उभा राहिला. तळ्यात पाणी भरलं तेव्हा त्याच्या छातीतही भरलं होतं.

आता खरी मेख. चर्चला धुराडं नसतं. माझं धुराडं मागच्या झाडीत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. डॉर्कसचं घर मनोऱ्याच्या पायाशी, म्हणून तिचं धुराडं छाटून बुटकं केलं आणि मनोऱ्याच्या पोटात लपवलं. तरी धूर कसा लपणार? म्हणून हुकूम निघाला की हॉलवर निशाण चढलं, म्हणजे पाहुणे बागेत आहेत असं समजायचं आणि डॉर्कसने चूल विझवायची. उन्हाळ्यात चाललं. पण थंडीत निशाण चढलं की अमोस घोंगड्यांखाली कुडकुडायचा. त्याला आमच्याकडे आणून निजवावं म्हटलं, तर उचलला की ढास लागे आणि रक्त पडे.

डॉर्कस कारभाऱ्याकडे गेली. ट्रॉटमन त्याचं नाव, साहेबांपेक्षा साहेब. तिने सांगितलं, नवरा आजारी आहे, निशाण असलं तरी थोडी चूल राहू द्या. त्याने तिला नकाशा दाखवला. नकाशातल्या मनोऱ्यावर धूर काढलेला नव्हता, एवढंच त्याचं उत्तर. माणूस थंडीने काकडतोय आणि हा कागद दाखवतो.

मग फेब्रुवारीत तळं गोठलं, आणि तेव्हाच निशाण चढलं. मी अंगणातून पाहिलं तर मनोऱ्यातून धूर निघतोय. धावत गेले. डॉर्कस चुलीत ओंडका सारत होती.

“डॉर्कस, निशाण वर आहे.”

“दिसतंय मला. अमोसचे ओठ पण दिसतायत.”

हुकूम मोडला म्हणून घर जाणार हे आम्हाला दोघींना कळत होतं, आणि ती चूल फुंकत होती. थोड्या वेळात माणसांचे आवाज आले, तशी मी कोपऱ्याआडून डोकावले. एरवी सद्गुणाची वाट कुणी शेवटपर्यंत चढत नसे. धाप लागे आणि सगळे सुखाच्या वाटेला वळत. त्या दिवशी धूर पाहून सगळा गोतावळा वर आला. पुढे सर लुशियस, तोंड रागाने लालभडक, आणि त्यांच्या बाजूला लंडनची एक बाई, फरमध्ये गुंडाळलेली. त्या बाईने मनोऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, जुने मठवासी आत बसून धूप जाळताहेत असं वाटतं, किती उदास, किती सुंदर. भिंतीच्या ह्या बाजूला अमोस भांड्यात थुंकत होता.

सर लुशियसच्या तोंडावरचा लाल रंग उतरला. ते म्हणाले की ही कल्पना त्यांना बरेच दिवस सुचलेली होती, आज प्रथम करून पाहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम उलटा. आता निशाण चढलं की धूर निघालाच पाहिजे. ओकच्या लाकडाची गाडी डॉर्कसच्या दारात येऊन पडली. आम्ही म्हटलं, देव पावला. अमोस उठून बसला, डुकराच्या मांसाचा रस्सा प्याला, माझ्या पोराला म्हणाला की उन्हाळ्यात तुला पेंढी बांधायला शिकवतो. डॉर्कस नाकातून हसली. ते आठवडे मी विसरणार नाही.

पण चांगल्या लाकडाचा धूर पातळ. तो खालून दिसेना. ट्रॉटमन आला आणि सांगून गेला की ओला पेंढा जाळा, हिरवी वेल जाळा, धूर दाट हवा. छाटलेलं धुराडं तो धूर ओढेना. वाऱ्याची झुळूक आली की सगळा धूर उलटा खोलीत. डॉर्कसने पुन्हा जाऊन हात जोडले. निदान कोरडं तरी जाळू द्या, म्हणाली.

“लाकूड साहेबांचं, धूर साहेबांचा,” ट्रॉटमन म्हणाला. “तुझं काय जातंय?”

तिचं काय जात होतं ते तो खोकला ऐकून कुणालाही कळलं असतं. अमोसला शेवटी बोलवत नव्हतं. एकदा मी त्याचं तोंड पुसत होते तेव्हा एवढंच म्हणाला, “जन्मभर पेंढा कोरडा ठेवला गं मी. आता ओला गिळतोय.”

मार्चमध्ये तो गेला. डॉर्कसने चूल विझवली, राख काढली, रीतीप्रमाणे त्याच्या छातीवर मिठाची बशी ठेवली. आमच्याकडे घरात मढं असेपर्यंत विस्तव पेटत नाही. राजा असो वा भिकारी, ही रीत मोडत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी हॉलवर निशाण चढलं.

ट्रॉटमन आला. दारात उभा राहिला, अमोसला पाहून टोपी काढली. तेवढी लाज शिल्लक होती. मग म्हणाला, पाहुणे बिशपकडचे आहेत, खास धूर पाहायला आलेत.

“घरात मढं आहे, कारभारीसाहेब,” डॉर्कस म्हणाली. “चूल पेटणार नाही.”

त्याने वाद घातला नाही. टोपी घातली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने मागे खडखडाट झाला. त्याने दोन गडी आणून, मनोरा मागून उघडाच असल्यामुळे, त्याच्या पोटात लोखंडी घमेल्यात ओला पेंढा पेटवला होता. चूल पेटली नाही, म्हणजे रीतही मोडली नाही, असा त्याचा हिशोब. धूर वर गेला आणि दाराच्या फटीतून आतही आला. अमोसच्या अंगावरून सरकला. पांढरं मीठ आमच्या डोळ्यांसमोर करडं झालं. खाली तळ्याकाठी टाळ्या वाजल्या.

अंत्ययात्रेची वेळ आली तेव्हा आमचा लोहार तावातावाने म्हणाला, शवपेटी बागेतून न्या. सद्गुणाच्या वाटेने खाली, चीनच्या पुलावरून, पाहुण्यांच्या नाकासमोरून. बघू दे त्यांना काय केलंय ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

डॉर्कसने शाल डोक्यावरून घेतली. “नाही,” म्हणाली. “त्यांना ते आवडेल.”

खरंच होतं. त्यांनी डोळे पुसले असते, टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पुढच्या महिन्यात रिकामी पेटी उचलायला माणसं लावली असती. आम्ही त्याला खंदकवाटेने नेलं. ही वाट मुद्दाम खोल खणलेली आहे, आमची डोकी बागेतून दिसू नयेत म्हणून. घोट्याएवढा चिखल होता. अमोस होब्ली नेदरकोटला गेला तो कुणा परक्याला न दिसता, आणि तिथल्या खऱ्या घंटेने त्याच्यासाठी पुरुष गेल्यावर देतात ते टोले दिले.

परत आल्यावर डॉर्कसने तोंडात भाकरतुकडाही घातला नाही. तळ्याच्या कामातली उरलेली चिकणमाती टेकाडामागे पडली होती, ती टोपलीने आणली, अंगणात ओतली, मोजे काढले आणि तुडवायला लागली. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, आत चल, पाय गारठतील. ती म्हणाली, अमोस सांगायचा, माती मऊ झाली म्हणजे झाली असं नाही, पायाखालचा आवाज बदलला पाहिजे. आवाज बदलेपर्यंत ती तुडवत राहिली. मग अमोसची शिडी काढली.

“धर,” म्हणाली.

मी शिडी धरली. मनोऱ्याच्या पोटात ती वर चढली, धुराड्याच्या तोंडावर छपराची एक फरशी ठेवली आणि तिच्यावर माती ठोकून ठोकून बसवली. तळ्यातून पाणी खाली जाऊ नये म्हणून अमोसने जशी बसवली असेल तशीच, धूर वर जाऊ नये म्हणून. खाली उतरून हात धुतले, किटली, अमोसचा पेंढा छाटायचा सुरा आणि एक कोंबडी घेतली, आणि सामानवाल्याच्या गाडीत बसून ब्रीमला बहिणीकडे निघून गेली. रडली नाही. मी रडले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याबद्दल देवाचे आभार मानते. निशाण चढलं. घर आता रिकामं, म्हणून ट्रॉटमन दोन गड्यांना घेऊन चुलीशीच बसला आणि भला मोठा ढीग पेटवला. वर काही जाईना. तो आणखी ओलं टाकायला सांगत राहिला. मग सगळा धूर एकदम खोलीत फुटला आणि तिघं मागच्या दारातून बाहेर पडले, दिसेना म्हणून कोपऱ्यावरून वळले ते थेट पुढच्या अंगाला, पाहुण्यांसमोर. काळी तोंडं, डोळ्यांतून धारा. कारभारी हिरवळीवर रांगत खोकत होता, अगदी अमोससारखा. ती लंडनची बाई पुन्हा आली होती. तिने विचारलं, हेच का ते मठवासी? आणि सगळे खदाखदा हसले. सर लुशियस सोडून.

त्यांनी गड्यांना पहार घेऊन वर चढवलं. माती निघाली, पण तीन भिंतींचा तो पोकळ मनोरा, पहारीचे धक्के त्याला कुठले सोसायला? पुढच्या भिंतीचा मोठा लचका खाली आला आणि माझ्या छपराच्या फरशा फोडून गेला. आता पाहुण्यांना सांगतात की यादवी युद्धात तोफेचा गोळा लागला होता. शंभर वर्षांचा जुना घाव म्हणून बायका त्याचं चित्र काढतात. धूर बंद झाला, भग्न मनोऱ्यातून धूर कसा निघणार? माझ्या छपराच्या भगदाडातून पाऊस माझ्या पलंगावर येतो आणि मी टब मांडून झोपते. थू असल्या सौंदर्यावर.

गेल्या शरद ऋतूत मी ब्रीमला जाऊन डॉर्कसला भेटले. बहिणीच्या घराचं छप्पर पेंढ्याचं आहे, धुराडं उंच आहे. तिने जवाची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. मी तिला कारभाऱ्याचं रांगणं सांगितलं, तेव्हा ती नाकातून हसली. मग पडलेल्या भिंतीचं आणि तोफेच्या गोळ्याचं सांगितलं, तेव्हा हसली नाही.

“आणि धूर?” तिने विचारलं.

“नाही. आता नाही काढत.”

डॉर्कस उठली. घरात तेवढी थंडी नव्हती, तरी तिने चुलीत एक ओंडका टाकला. कोरडा होता.