रिपोर्टखालची सही

परवा वहिनीला घेऊन मंचरला एका लॅबमध्ये गेले होते. साधी शुगर तपासायची होती. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, तर वहिनीनं उलट तिलाच विचारलं... "रिपोर्टवर सही कोण करतं? ते डॉक्टर हितं बसत्यात, का नुसती सही येती?"

मी गारच पडले. भाजीवाल्याला भावसुद्धा न विचारणारी ही बाई! असं का झालं ते सांगते. वहिनीला विचारूनच लिहितेय.

माझा थोरला भाऊ, दादा. बोरी बुद्रुकला आमची कांद्याची शेती. दादाइतका चिकित्सक माणूस मी पाहिला नाही... विकतचं बी आणलं की त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा, किती उगवतंय ते बघायचा, मगच रोप टाकायचा. आम्ही हसायचो. "हसा! पिशवीवर काय बी छापत्यात," असं म्हणायचा.

त्याच दादाच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी सुई घालून आतलं काढलं, काचपट्टीवर पसरलं आणि लॅबमध्ये द्यायला सांगितलं. आता लॅब कुठली? तर वहिनीच्या माहेरकडच्या पावण्यांची. ते टेक्निशियन आहेत, पण अख्खं गाव त्यांना डॉक्टरच म्हणतं.

चहापाणी झालं, आणि दोन दिवसांनी पावणे स्वतः रिपोर्ट घरी घेऊन आले. 'साधी सूज.' खाली कुणा पॅथॉलॉजिस्टची झोकदार सही.

मी म्हटलंसुद्धा, दादा, हे डॉक्टर कोण? आपण यांना कधी बघितलं? तर उसळला माझ्यावर. "पावण्याला सर्टिफिकेट मागू व्हय? लाज हाय का न्हाई तुला?" मग मीही गप्प बसले. पावण्यांकडं भाजी खारट लागली तरी आमच्यात कुणी बोलत नाही, तिथं कागद कोण मागणार...

आठ महिने दादानं गोळ्या खाल्ल्या. गाठ वाढतच गेली, मग आवाज बसला, मग जेवण कमी झालं. शेवटी पुण्याला नेलं.

तिथले सर्जन म्हणाले, जुनी काचपट्टी मिळवा आणि आमच्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. या वेळी मात्र मी लाज सोडली. पावण्यांच्या लॅबमधून काचपट्टी मागून आणली. पुण्याच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं नाव शोधून काढलं, डिग्री बघितली, मेडिकल कौन्सिलच्या यादीत रजिस्ट्रेशन नंबर जुळवला. मग इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. विचारलं, हॉस्पिटल तुमच्या यादीत आहे ते कळलं, पण त्यांची पॅथॉलॉजी त्यात धरलीय का? पलीकडून "हो मॅडम, हो मॅडम" चाललं होतं. मी म्हटलं, नुसतं हो नको, ईमेल करा. ईमेल आल्यावरच फोन ठेवला.

पॅथॉलॉजी तळघरात होती. तिथं पेशंट कुणी येतच नाही, त्यामुळे मला बघून मॅडमच दचकल्या. मी चाचरत विचारलं, "मॅडम, काच तुम्ही स्वतः बघता ना?" वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी मला खुर्ची दिली. "विचारलंत ते बरं केलंत. आम्हाला कुणी विचारतच नाही."

मग त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. बराच वेळ बसल्या... वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला होता. "ताई, कॅन्सर आहे. आणि तो तेव्हाही या काचेवर होता. बघणाऱ्याला दिसला असता."

घरी येऊन मी त्या जुन्या सहीचा माग काढला. डॉक्टर खरे निघाले, नंबरही खरा. फोनवर म्हणाले, "त्या लॅबचं काम मी कधीच सोडलंय." त्यांची सही तेवढी छापून येत होती.

दादाला सांगितलं. त्यानं आधी वहिनी जवळपास नाही ना ते बघितलं. मग त्या बसक्या आवाजात म्हणाला, "हिला सांगू नको, सुमे. तिच्या माहेरचं माणूस हाय. जन्मभर सवताला दोष देत बसंल." आणि स्वतःची शपथ घातली मला.

दिवाळीच्या आधी दादा गेला. मी शपथ पाळली. पावण्यांचा राग येतो, दादाचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो... एकदा विचारलं होतं ना मी? मग पुन्हा का नाही विचारलं?

तर परवा त्या काउंटरवर वहिनी हटून बसली. शेवटी आतून डॉक्टर स्वतः बाहेर आले, "मीच सही करतो मावशी," म्हणाले. तेव्हा कुठं तिनं हात पुढं केला.

रिक्षात मी विचारलं, "वहिनी, तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे, वन्सं? फाईल कायम माझ्याच मांडीवर असायची. काचंचा नंबर दोनी कागदावर एकच, अन् लिवलेलं येगळं. धावी शिकलेय मी. अन् त्या सहीवाल्या डॉक्टरला तुमी फोन लावला, तवा मी सैपाकघरातच व्हते. ह्यांना वाटायचं मला ठावं न्हाई. त्यांना तेवढंच समाधान व्हतं... म्हणून मी बी बोलले न्हाई."

रिक्षा थांबेपर्यंत आम्ही दोघी रडत होतो. रिक्षावाले भाऊ बिचारे आरशातून बघायचे आणि मान वळवायचे.

पावण्यांचं नाव वहिनीनं लिहू दिलं नाही. बाकी सगळं लिवा, म्हणाली. म्हणून सांगते... रिपोर्ट हातात आला की खालची सही कुणाची, ते डॉक्टर तिथं असतात का, एवढं विचारा. लॅब घरच्या माणसाची असली तर आधी विचारा.

पावणे रुसतील. रुसू देत. लग्नकार्य निघालं की पावण्यांचा रुसवा काढता येतो हो... आमचा दादा आता कुठून आणू?