सरांसाठी रंगवलेली भिंत

सरांच्या निवृत्तीनिमित्त निघालेल्या अंकासाठी मी दोन पानं लिहून दिली होती. त्यात जे आहे ते खरं आहे. सरांनी मोठ्या शहरातलं काचेच्या इमारतींचं काम सोडलं, नागपुरात आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायला आले, माती आणि बांबूच्या शाळा बांधल्या, देशभर व्याख्यानं दिली. भिंत आधी तळहाताने बघायची, मग डोळ्यांनी, हे मला त्यांनीच शिकवलं. चुकलेलं ड्रॉइंग ते सगळ्यांसमोर फाडत, हेही मी लिहिलं होतं. ते वाक्य छापताना काढलं गेलं. जे मी लिहिलंच नाही, ते इथे लिहिते आहे.

आमचं घर अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली आहे. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर. या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी आमच्याच घराचा विषय दिला, कारण दुसरं कुठलं घर मला इतकं माहीत नव्हतं. सर म्हणाले, "आधी घर बघेन. नाही पटलं तर विषय रद्द." मुदत संपत आली होती. विषय रद्द झाला असता तर माझं वर्ष गेलं असतं. मी आईला फोनवर एवढंच सांगितलं, की सर आपल्या भिंती पाहायला येणार आहेत.

धान कापणी सुरू होती. आईने दोन दिवस कापणी सोडली. दर दिवाळीला ती भिंतींना छुई लावते, म्हणजे आमच्याकडची पांढरी माती. पण एवढा मोठा माणूस येणार, तर छुई कशी चालेल? तिने बाबांना गोंदियाला पाठवलं. दुकानदार त्यांना म्हणाला, "बडे साहब आ रहे हैं तो ऑइल पेंट मारो, छुई कौन देखता है!"

कॉलेजची बस दारात थांबली तेव्हा आमची समोरची भिंत निळीशार चकाकत होती. शेजारी आई, लग्नाकार्यातली नायलॉनची साडी नेसून उभी. माझ्या वर्गातलं कोणीतरी हसलं.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"मीच केलं जी," आई म्हणाली. "तुमी भिंती पाहाले येऊन राहिले म्हणे पोरगी. मंग भिंती चांगल्या नोको दिसाले?"

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि भिंत खरवडली. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याबरोबर खालची छुईही निघाली. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "थर मोजा. एक थर म्हणजे एक दिवाळी. या बाईंनी इतकी वर्षं या भिंतीला श्वास घेऊ दिला, आणि परवा तिचं तोंड दाबलं." वाक्य मला आवडलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. याची मला फार लाज वाटते.

"कायले खरवडता जी?" आई हळू आवाजात म्हणाली. "कालच तं वाळला."

तिच्याकडे न बघता सर मला म्हणाले, "पाच वर्षं शिकून घरी एवढंही सांगता आलं नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "सांगितलं होतं, सर. ऐकत नाही ती. अडाणी आहे."

मी सांगितलं नव्हतं. आई मला तिथेच खोटं पाडू शकली असती. ती म्हणाली, "हो जी, सांगतलं होतं तिनं." आणि चहा ठेवायला आत गेली.

सरांनी विषय मंजूर केला. अट एकच, भिंत पूर्वीसारखी झाल्यावरच मोजमाप घ्यायचं. निघण्याआधी त्यांनी फोटोसाठी आईला जुनं लुगडं नेसायला लावलं. तिने नेसलं. नंतर आठवडाभर, बाकीचं गाव धान कापत असताना, आई विळ्याने रंग खरवडत होती. माझ्या हातात टेप होता. मी तिची माफी मागितली नाही. ती फक्त "जेवून घे वं" म्हणायची, निळी झालेली नखं पदराला पुसत.

बाहेरच्या परीक्षकांच्या ज्युरीत माझा प्रबंध पहिला आला.

सरांच्या निरोप समारंभाला मी आईबाबांना नागपूरला नेलं. भाषणात सर निळ्या भिंतीची गोष्ट सांगू लागले. गावाचं नाव घेतलं नाही. "बाई म्हणाली, भिंती पाहायला येताय तर भिंती चांगल्या नको दिसायला?" आईच्या बोलीची त्यांनी नक्कल केली. सभागृह खदखदून हसलं. सवयीने मीही हसले.

बाबांना डुलकी लागली होती. आईने माझ्या कानाशी तोंड आणलं. "काऊन हासून राहिले वं? आपली भिंत होय काय ते?"

"नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाची तरी."

ती स्टेजकडे बघत राहिली. सर सत्काराची शाल सावरत होते.

"त्या बाईले किती वाईट वाटलं असन," ती म्हणाली. आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.