आईसाठीच्या दोन बाटल्या

जॅम करायला आईला छावणीतल्या एका बाईंनी शिकवलं. त्यांचे यजमान लष्करात मोठे अधिकारी होते आणि माझे आजोबा त्यांच्या कचेरीत कारकून. बाई बदली होऊन निघून गेल्या, जॅम आमच्या घरात राहिला. दर जूनमध्ये आई शहागंजच्या बाजारातून आलुबुखार आणायची. काळपट लाल, दाबलं की जरा बोट रुतेल असे. ते चिरायचे, बिया काढायच्या, साखर घालून तासन्‌तास ढवळायचं. मी दारात उभी राहून बघायची.

"इथं नको थांबू. चटके बसतील. जा, अभ्यास कर," आई म्हणायची.

मी गेले. इतका अभ्यास केला की पुढं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. लग्न झालं, बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. आम्ही राहायला गेलो तेव्हा समोर ज्वारी होती. चार वर्षांत तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना पाणी टँकरचं.

माझ्या भावानं आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याच्या घरातली. आईला ते पसंत नव्हतं. आठ दिवस ती भावाशी बोलली नाही. तिची समजूत मी काढली. "मुलगी चांगली आहे, तूच बघशील," असं मीच म्हणाले होते.

आईनं बघितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये मी माहेरी गेले, तर शेगडीसमोर वहिनी उभी. हातात आईचा लाकडी डाव. आई शेजारी स्टुलावर बसून सांगत होती, "आता थंड बशीत थेंब टाक. बोटानं रेघ ओढ. रेघ मिटली नाही, की झाला."

वहिनीनं रेघ ओढली. मिटली नाही.

"बघितलंस?" आई मला म्हणाली, "पहिल्याच खेपेला!"

"छान," मी म्हणाले आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर आले. बत्तीस वर्षांत त्या डावाला माझा हात लागला नव्हता.

त्यानंतर दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. जॅमच्या बाटल्या उकळायला पातेलंभर पाणी लागतं, भरल्यावर पुन्हा उकळायच्या तर आणखी. आई म्हणाली, या वर्षी राहू दे. पण वहिनीनं इडलीच्या भांड्यात तांब्याभर पाणी घातलं आणि रिकाम्या बाटल्या वाफेवर ठेवल्या. भरलेल्या बाटल्यांना एकदाच पाणी तापवलं, त्यातच तीन घाणे काढले आणि तेच पाणी रात्री भांड्यांना वापरलं. आलुबुखाराच्या बिया फोडून आतला गर फडक्यात बांधून जॅममध्ये सोडायची युक्तीही तिचीच. त्यानं बदामासारखा वास येतो. आई हे सगळं मला फोनवर सांगायची. मी पेपर तपासत हूं हूं म्हणायची आणि लाल पेनानं उगाच जास्त गुण कापायची.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच शहागंजात गेले आणि तीन किलो आलुबुखार आणले. मी रसायनशास्त्र शिकवते, जॅम म्हणजे असं काय? साखर मुद्दाम कमी घातली, म्हणजे माझा जॅम जास्त चांगला. बिया फोडायचा कंटाळा केला. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून बाटल्या नुसत्या धुऊन उन्हात वाळवल्या. सहा बाटल्या झाल्या. दोन बाटल्यांवर 'आईसाठी' अशी चिठ्ठी चिकटवून मी छावणीत माहेरी नेऊन दिल्या. वहिनीच्या समोर दिल्या.

दहा-बारा दिवसांनी माझ्या कपाटातल्या एका बाटलीचं झाकण फुगलं. उघडलं तर फेस आणि आंबूस वास. दुसरी तशीच. चारही ओतून दिल्या. मग आईकडच्या दोन आठवल्या. मी फोन लावला.

"तुझी एक बाटली संपलीसुद्धा," आई म्हणाली. "छान झालाय गं. अगदी आपल्या घरच्यासारखा."

हे कसं शक्य होतं? दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून परस्पर तिथं गेले. कपाटात माझी दुसरी बाटली होती. माझं अक्षर, माझी चिठ्ठी. बोटभर चाखला. बदामाचा वास.

वहिनी मागच्या अंगणात ड्रममधून बादली भरत होती. मी बाटली तिच्यासमोर धरली.

तिनं बादली खाली ठेवली. "झाकण फुगलं होतं, वन्सं. उघडलं तर लई वास मारला. आई तवा दवाखान्यात गेल्या होत्या."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? त्या शेजारच्या चौघींला सांगून बसल्या होत्या, लेकीनं केलाय म्हणून."

मी तिचे आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, "माझी लाज झाकायला तुला कुणी सांगितलं होतं?"

तिनं पुन्हा बादली भरायला घेतली. मी तशीच आत गेले.

"आई, हा जॅम माझा नाही."

आई गहू निवडत होती. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "वास कळत नाही का मला?"

"मग छान झालाय म्हणालीस कशाला?"

"तिनं एवढ्या मायेनं केलं, ते मोडून कशाला टाकू?"

म्हणजे ते कौतुकसुद्धा वहिनीचंच होतं. माझा आवाज चढला. "मला का नाही कधी शिकवलंस? तिला पहिल्या वर्षी शिकवलंस!"

आईनं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू यात अडकू नयेस असं वाटायचं. शिकून मोठं व्हावंस. तिला शिकवताना तसं काही मनात आलं नाही."

ऐकून मला आधी बरं वाटलं. ते कबूल केलं पाहिजे. मग वळून बघितलं, तर दारात वहिनी, हातात भरलेली बादली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बादली आत ठेवून गेली.

"हे काही बरं बोलले नाही मी," आई म्हणाली. पण बोलून झालं होतं.

त्या वर्षी वहिनीनं बी.ए.चा फॉर्म भरला. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलेलं, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या जूनमध्ये तिची परीक्षा होती, म्हणून आईनं मला जॅमला बोलावलं. डाव माझ्या हातात आला. आई स्टुलावर बसली आणि सबंध वेळ वहिनीबद्दलच बोलत राहिली. पेपर कसा गेला असेल, डबा नीट खाल्ला असेल का. मी ऐकत होते आणि जळत होते. पातेलंही खालून थोडं लागलं.

सात बाटल्या भरल्या. एकही फुगली नाही. संध्याकाळी परीक्षेहून आलेल्या वहिनीला मी पोळीबरोबर जॅम वाढला. तिनं घास चघळला.

"जरा लागलाय, वन्सं," ती म्हणाली. "पर चालंल."

मला इतका राग आला की दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि साखर विरघळल्यावर आच किती ठेवायची, ते तिला विचारलं. तिनं पुस्तक बाजूला ठेवून सगळं नीट सांगितलं, दोनदा.